माळ्यावरची दुसरी शिंक

आधीच सांगते, म्हणजे नंतर कमेंटमध्ये कुणी मला विज्ञान शिकवायला नको... मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. आजही नाही. औंढ्याला माझं मेडिकल आहे, बी.फार्म झालेय, दिवसभर काउंटरवर उभी असते. लिंबू-मिरची बांधणारा दर शनिवारी दुकानासमोर येतो आणि दर शनिवारी मी त्याला परत पाठवते. कुणी "ताई, पोराला बाहेरचं काहीतरी झालंय" म्हणत आलं की मी आधी थर्मामीटर काढते आणि मग दवाखान्याचा रस्ता दाखवते. या ग्रुपवर बरेच दिवस आहे ती फक्त वाचायला, आणि खरं सांगायचं तर हसायला. पांढरी साडी, चिंचेचं झाड, उलटे पाय... तुमच्या सगळ्यांचे अनुभव मी दुकानात बसून चवीनं वाचलेत. आता माझा वाचा आणि हसा.

माझ्या अनुभवात पांढरी साडी नाही, चिंच नाही, रात्रसुद्धा नाही. भर दुपार आहे. आणि एक शिंक आहे.

माझं सासर शिरड शहापूरचं. घर जुनं, रस्त्याच्या कडेला. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी, मागे मधली खोली, त्यामागे स्वयंपाकघर. वर पत्रे. पत्र्याखाली लाकडी वासे आणि वाशांखाली काही नाही. सीलिंग वगैरे भानगड त्या घराला माहीतच नव्हती. बाजेवर उताणं पडलं की थेट पत्रा दिसायचा, आणि जुन्या खिळ्यांच्या भोकांतून उन्हाचे बारीक कवडसे खोलीभर उतरायचे. मधल्या खोलीच्या अर्ध्या भागावर फळ्यांचा माळा. गिरणी आणि मधली खोली यांच्यातली भिंत पत्र्यापर्यंत पोचतच नव्हती, वर हातभर फट सोडलेली. त्यामुळे गिरणीत जे जे दळलं जायचं ते सगळं थोडंथोडं माळ्यावर मुक्कामाला यायचं. ज्वारीचं पीठ, मिरची, आणि आमच्या भागात हळद तर घरोघरची. माळ्यावर बोट फिरवलं की वर पांढरं, मध्ये तांबडं आणि खाली पिवळं लागायचं.

हे सगळं परत वरून खाली गळायचं. मांजर पत्र्यावरून गेलं की गळायचं, एसटी रस्त्यानं गेली की गळायचं. आमच्याकडे जेवणाच्या ताटावर दुसरं ताट पालथं घालून ठेवायची पद्धत होती. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी माझ्या चहात वरून काहीतरी पडलं. मी चमच्यानं काढायला लागले तर सासूबाई म्हणाल्या, राहू दे, घरचंच हाय.

सासूबाईंना मी मामी म्हणते आणि सासऱ्यांना मामा म्हणायचे. गिरणी मामांची. उंच, हडकुळा माणूस, भुवयांवर कायम पीठ. आणि नाकात ते सगळं गेल्यामुळे म्हणा किंवा जन्मतःच म्हणा, मामांची शिंक ही पंचक्रोशीत ओळखली जाणारी चीज होती. नुसता आवाज नव्हता तो. आधी ते लांब श्वास घ्यायचे, मग क्षणभर सगळं थांबायचं, आणि मग पत्रा हादरायचा. रस्त्यावरची कुत्री उठून बसायची.

पण मामांची खरी प्रसिद्धी आवाजासाठी नव्हती, जोडीसाठी होती. त्यांना शिंका कायम दोनच यायच्या. एक नाही, तीन नाहीत. आता आमच्याकडची रीत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरातून कामाला निघताना कुणी शिंकलं की थांबायचं. परत आत यायचं, बसायचं, पाण्याचा घोट घ्यायचा. पण लगेच दुसरी शिंक आली तर पहिलीचा हिशोब मिटला, खुशाल जायचं, काम होणारच. मामांची दुसरी शिंक पहिलीच्या मागे जरा वेळानं यायची आणि मधल्या वेळात ते उजव्या हाताचं बोट वर करून ठेवायचे. थांबा, येऊन राहिली. सगळे जागच्या जागी उभे. मग दुसरी यायची, बोट खाली यायचं, आणि जाणारा माणूस हसत निघायचा.

गावातले लोक याचा फायदा घ्यायचे. पोरगी बघायला जायचंय, कोर्टात तारीख आहे, मुलाचा इंटरव्ह्यू आहे... सकाळी सकाळी शेर-दोन शेर ज्वारी घेऊन गिरणीत यायचे आणि दळण झालं तरी हलायचे नाहीत. मामा शिंकले की मग जायचे. मी नवी नवी होते, तेव्हा दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये काम करायचे, मी मामांना ॲलर्जीची गोळी आणून दिली. त्यांनी ती पालथी-उताणी करून बघितली आणि म्हणाले, "काहून माझं गिऱ्हाईक तोडून राहिली बाई?" गोळी परत केली. मी माझं मेडिकल उघडलं त्या सकाळीसुद्धा उंबऱ्यात मला त्यांच्या शिंकेनं अडवलं, बोट वर झालं, मी चरफडत उभी राहिले, आणि दुसरी आल्यावर मामींनी माझ्या हातावर दही ठेवलं. दुकान बरं चाललंय. त्याचा शिंकेशी संबंध नाही, औंढ्याला येणाऱ्या भाविकांच्या पित्ताशी आहे. असो.

मामा गेले तेव्हा माझी मुलगी अनू नुकती पावलं टाकायला लागली होती. दुपारची वेळ. मामा मधल्या खोलीत बाजेवर चहा पीत बसलेले, डोक्यावर माळा. माझा नवरा संतोष गिरणीचा पट्टा आणायला हिंगोलीला निघाला होता, एक पाय बुटात होता. मामी स्वयंपाकघराच्या दारात. मी अनूला कडेवर घेऊन उभी. मामांना शिंक आली. नेहमीसारखीच, पत्रा हादरवणारी. बोट वर झालं. आणि आम्ही सगळे सवयीनं थांबलो.

थांबलोच. संतोषनं दुसरा बूट हातात धरून ठेवला. मामींनी पदराला हात पुसायचं थांबवलं. कुणाच्या मनात काही आलंच नाही, कारण बोट वर होतं. मग ते बोट हळूहळू खाली आलं आणि मांडीवर टेकलं. दुसऱ्या हातातला कपसुद्धा सांडला नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय जागच्या जागी थांबलं, दवाखान्यात असते तरी काही करता आलं नसतं. तेवढा दिलासा आहे. पण आम्ही तिघं धडधाकट माणसं त्यांच्यासमोर उभी राहून शिंकेची वाट बघत होतो, हे कुणाला सांगायची सोय आहे का? भेटायला येणाऱ्यांना आम्ही आपलं "चहा पिता पिता गेले" एवढंच सांगायचो.

त्यानंतर गिरणी विकली. पुढची खोली रिकामी झाली. संतोष माझ्याबरोबर दुकानात यायला लागला. आम्ही दोघं रोज मोटरसायकलवर औंढ्याला ये-जा करायचो आणि अनू दिवसभर मामींजवळ असायची. मामींनी तिला बोलायला शिकवलं, ओव्या शिकवल्या, आणि कुणी शिंकलं की "सत्य!" म्हणायला शिकवलं. आमच्याकडे बोलता बोलता शिंक आली की तसं म्हणतात, बोलणं खरं ठरलं म्हणून. अनूला त्यात एवढी गंमत वाटायची की टीव्हीत कुणी शिंकलं तरी ती ओरडायची.

गिरणी गेली पण धूळ गेली नाही. ती माळ्यावर होती, वाशांवर होती, फटीफटीत होती. आणि अनू शाळेत जायच्या वयाची झाली तशी तिची छाती वाजायला लागली. आधी सर्दी समजून मीच घरच्या घरी औषधं दिली, मग हिंगोलीला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासली आणि पहिला प्रश्न विचारला तो पोरीबद्दल नाही, घराबद्दल. वर काय आहे? मी म्हटलं, पत्रे. सीलिंग? नाही. माळा? आहे. ते माझ्याकडे बघून म्हणाले, मॅडम, तुम्ही औषधाच्या धंद्यात आहात, तुम्हाला मी काय सांगू. औषध खालून आणि धूळ वरून, असं चालणार नाही. घर बदला नाहीतर घराचं छत बदला.

छत बदलायचं ठरलं. वसमतहून पीव्हीसी सीलिंगवाला बोलावला. त्यानं शिडीवर चढून हातोडीनं वाशावर टकटक केलं तर वाशातून मूठभर भुगा त्याच्याच डोळ्यांत. उधई, म्हणजे वाळवी. तो खाली उतरून म्हणाला, सीलिंग मी लावून देतो, पण ते छतासकट खाली येईल. मग औंढ्याला दुकानाजवळच स्लॅबच्या दोन खोल्या बघितल्या. हवेशीर, पांढऱ्या स्वच्छ, वर माळा नाही, काही नाही. सगळं जमलं. फक्त मामी नाही म्हणाल्या.

मला वाटलं गाव सुटत नाही, शेजारणी सुटत नाहीत. मी पुष्कळ समजावलं, औंढ्याला रोज नागनाथाचं दर्शन होईल वगैरे लालूच दाखवली. मामी ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, तुमी जा, मी हितं हाय. शेवटी एकदा भाकरी थापता थापता त्यांनी खरं कारण सांगितलं.

"त्यांची एक शिंक बाकी हाय," त्या म्हणाल्या. "मी मधीच उठून कशी जाऊ?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "मामी, मामा गेले."

"गेले कसे? निघताना एक आली. दुसरी आलीच न्हाई. एका शिंकेवर आपल्या घरातून कुणी निघतं का?" त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. "ते बोट वर करून थांब म्हणले. मी थांबून राहिले."

आता याला काय उत्तर द्यायचं? तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा. मी बी.फार्म आहे, मला नाही सुचलं. आणि मामी काही वेड्याबिड्या नव्हत्या. शेतातल्या हळदीचा भाव, बचत गटाची मीटिंग, अनूच्या दम्याच्या पंपाच्या वेळा, सगळं चोख. फक्त या एका बाबतीत त्या बाजेजवळ बसून होत्या आणि हलत नव्हत्या.

इकडे अनूनं जाहीर करून टाकलं की आजी नाही तर मी पण नाही. लहान लेकराचा हट्ट म्हणून आम्ही सोडून दिलं. पण दिवाळीच्या साफसफाईत शेजाऱ्यांनी पत्र्यावर चढून काहीतरी खटपट केली आणि आमच्या माळ्यावरून धुळीचा सगळा थर खाली आला. अनूला असा दम लागला की तिला बोलता येईना. शेजाऱ्यांच्या गाडीतून हिंगोलीला नेलं. सगळ्या रस्त्यानं मामींनी तिला छातीशी उभं धरून ठेवलं होतं आणि स्वतःच इतक्या मोठ्यानं श्वास घेत होत्या, जणू पोरीचाही आपणच घ्यावा. मी आयुष्यात एवढी कधी घाबरले नव्हते. अनूला बरं वाटल्यावर दवाखान्याच्या पायरीवर बसून मामी म्हणाल्या, "लेकराला घेऊन जा. या आठवड्यातच जा. पर मला चल म्हणू नका." आणि पदरानं डोळे पुसले. म्हणजे अनूचा श्वास एका बाजूला आणि मामांची शिंक दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये मामी. मला त्यांचा राग यायचा आणि रडूही यायचं.

संतोषला मात्र एक युक्ती सुचली. बायांनो, नवऱ्याला युक्ती सुचली की सावध व्हा. तो म्हणाला, तिला दुसरी शिंकच पाहिजे ना? मी देतो. आवाज माझा बाबांसारखाच आहे.

मी खरं तर त्याला थांबवायला पाहिजे होतं. पण मी त्याला तपकिरीची डबी आणून दिली. मामी मधल्या खोलीत तूर निवडत बसल्या होत्या. संतोष मागच्या बाजूनं शिडी लावून गुपचूप माळ्यावर चढला. मी स्वयंपाकघरात भांडी उगाच इकडची तिकडे करत कान देऊन उभी. योजना अशी की एकच खणखणीत शिंक, मग चिडीचूप. पण गड्यानं तपकीर चिमूटभर घ्यायची ती घेतली मूठभर, वर माळ्याची धूळ. पहिली शिंक आली. दुसरी आली. मग तिसरी, चौथी... त्याला थांबताच येईना. मध्येच डोकं पत्र्यावर आपटल्याचा दणका. वरून मामींच्या सुपात पिवळी-तांबडी धूळ.

मामींनी मान वर केली नाही. सूप एकदा पाखडलं आणि म्हणाल्या, "संतोष, उतर खाली. पडशील."

तो उतरला. नाक लाल, डोळे लाल, केस पिवळे. मामी त्याच्याकडे बघून इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की मामा गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. "ही शिंक माझ्या माहेरची हाय रे," त्या म्हणाल्या. "बारीक. बापाची येगळी होती." मग त्याच्या टेंगळाला हळद लावून दिली. हळद काय, आमच्याकडे भरपूर.

शेवटी असं ठरलं की आम्ही तिघांनी औंढ्याला जायचं आणि मामींनी तूर्त इथेच राहायचं. अनूला समजावलं की रविवारी रविवारी आजीकडे यायचं. पण यायचं म्हटलं तर आधी माळा साफ पाहिजे. ते काम मी अंगावर घेतलं. अनूला संतोषबरोबर दुकानात पाठवलं आणि डोक्याला फडकं, तोंडाला मास्क, हातात मोजे घालून माळ्यावर चढले. किती सामान असावं... घंगाळ, गिरणीच्या चाळण्या, तुटलेला पाळणा, जुने पट्टे, कुणाच्या तरी लग्नातल्या पत्रावळ्या. सगळं खाली काढलं. फळ्या झाडल्या, मग ओल्या फडक्यानं पुसल्या, मग परत पुसल्या. बादलीतलं पाणी आधी पिवळं व्हायचं, मग फिकट, मग शेवटी अगदी नितळ राहायला लागलं तेव्हाच मी थांबले. औषधाच्या दुकानातली शेल्फं पुसायची सवय आहे मला. माझ्या साफसफाईवर तरी शंका घेऊ नका.

निघायच्या दिवशी सलीमभाईंचा टेम्पो आला. भर दुपार, ऊन कडक, वारा नावाला नाही. सामान चढवून झालं होतं. अनू बाहेर टेम्पोत पुढच्या सीटवर बसलेली, रडून रडून गप्प झालेली. संतोष मागे दोर बांधत होता. सलीमभाई गॅसची टाकी खांद्यावर घेऊन दारात. मी म्हटलं, माळ्यावर काही राहिलंय का शेवटचं बघून घेते. मास्क लावला, शिडी चढले. मामींनी खालून शिडी धरली होती.

माझी कंबर माळ्याच्या कडेला, अर्धी मी वर. पुढे रिकाम्या स्वच्छ फळ्या. खिळ्यांच्या भोकांतून कवडसे पडलेले, आणि त्या कवडशांत मी आयुष्यात पहिल्यांदा काही उडताना पाहिलं नाही, इतकी हवा साफ होती. मांजर नाही, पाखरू नाही. पाल पण नाही. मला स्वतःचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि माझ्या समोर, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, कुणीतरी लांब श्वास घेतला.

मग क्षणभर सगळं थांबलं. मला तो क्षण ओळखीचा होता. त्या घरात राहिलेल्या कुणालाही ओळखीचा असता.

मग शिंक आली. पत्रा हादरला. माझ्या कपाळावरचे केस मागे उडाले आणि चष्म्यावर काहीतरी सपकन बसलं, मला दिसेनासं झालं. मी ओरडले नाही. ओरडायला श्वास लागतो, तो नव्हता. मी फक्त शिडी घट्ट धरली, आणि खालून मामींनी शिडी घट्ट धरली, ते मला हाताला जाणवलं.

"किसकू सर्दी हुई?" सलीमभाईंनी दारातून विचारलं. टाकी खांद्यावर तशीच.

बाहेर टेम्पोतून अनूचा आवाज आला, खणखणीत, रडं विसरून. "सत्य!"

संतोष हातात दोर घेऊन धावत आत आला आणि शिडीजवळ उभा राहिला. त्याचा चेहरा मला नंतर बरेच दिवस आठवत राहिला. लहान मुलाला शाळा सुटल्यावर दारात बाप दिसावा तसा.

मी खाली उतरले. मामींनी माझा चष्मा काढला, पदरानं दोन्ही काचा नीट पुसल्या आणि परत माझ्या नाकावर बसवला. मग माळ्याकडे बघून, नवऱ्याला बाजारातून यायला उशीर झाल्यावर बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "लई येळ लावला."

मग वाकून बाजेखालून एक पिशवी ओढली. भरलेली पिशवी. दोन लुगडी, कंगवा, मामांचा फोटो, अनूची जुनी झबली. ती पिशवी त्यांनी कधी भरली होती ते मला माहीत नाही, पण वर धूळ होती, म्हणजे ती बरीच आधीपासून भरलेली होती. मामी माझ्याशी भांडत होत्या, हितंच हाय म्हणत होत्या, तेव्हासुद्धा ती तिथेच असणार. त्यांनी उंबरा ओलांडला, टेम्पोत चढल्या, अनूला मांडीवर घेतलं. मागे वळून बघितलं नाही. सलीमभाईंना म्हणाल्या, "चला भाऊ. आता बराबर झालं."

रस्त्यात मला राहवेना. मी विचारलं, मामी, ते मामाच होते का?

"मला काय माहीत? वर तू होतीस. तुला कोण दिसलं?"

"कुणीच नाही."

"मंग कुणीच नव्हतं." त्यांनी अनूच्या अंगावर पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "शिंक त्यांचीच होती." आणि पुढे जे बोलल्या ते मी विसरणार नाही. "मी रुसून बसले होते बाई. एवढा संसार केला, आन् मला नुसतं थांब म्हणून गेले. राग येऊन राहिला होता. आता न्हाई." अनू त्यांच्या मांडीवर झोपली होती. श्वास अगदी शांत होता.

आता तुमच्या शंका. त्या मी तुमच्याआधी काढून बसले आहे. पत्रा उन्हानं तापून वाजतो, मान्य, रोज वाजायचा, पण तो श्वास घेऊन वाजत नाही. मांजर, मुंगूस, घुबड... माळा माझ्या डोळ्यांसमोर मोकळा होता. संतोषचा परत आगाऊपणा? तो बाहेर होता, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला शेजारचे भाऊ होते, ते साक्षीला आहेत. मीच शिंकले? माझ्या तोंडावर मास्क होता, आणि स्वतःच्या शिंकेनं कुणाचे केस मागे उडतात? सगळ्यांना भास झाला म्हणावं तर सलीमभाईंनी मामांना कधी पाहिलेलंही नाही, ते वसमतकडचे. आणि अनूला तर आजोबांचा आवाज आठवतसुद्धा नाही. तिला फक्त शिंक ऐकू आली आणि तिनं शिकवल्याप्रमाणे उत्तर दिलं.

औंढ्यात आता आम्ही सगळे मजेत आहोत. मामी पहिले काही दिवस स्लॅबकडे बघत पडायच्या आणि तक्रार करायच्या की वरून काहीच पडत न्हाई, करमत न्हाई. आता दुकानात येऊन बसतात आणि गिऱ्हाइकांना माझ्यापेक्षा जास्त सल्ले देतात. अनूचा पंप मी मागच्या आठवड्यात कपाटातून काढला. एक्सपायरी होऊन गेली होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. दुकानदार म्हणून एक्सपायर झालेला माल बघून मला आजवर कधी आनंद झालेला नाही. त्या दिवशी झाला. मी तो हातात धरून जराशी रडलेसुद्धा.

एक गोष्ट राहिली. मामींनी माझा चष्मा पदरानं पुसला, त्या फिकट लुगड्याच्या पदरावर एक पिवळा डाग पडला. मी माळा नितळ पाण्यानं पुसला होता, आणि गिरणीत हळद दळली गेली ती मामा असताना. तुम्ही म्हणाल फटीत राहिली असेल. राहिली असेल. पण मग फटीतून ती माझ्या तोंडावर फुंकली कुणी? मी काही सोडणारी बाई नाही. एकदा मामी अंघोळीला गेल्या तेव्हा मी डागाच्या एका कडेला हळूच साबण लावून बघितला. हळदीला साबण लागला की ती लाल होते, हे तुम्हाला घरीही करून बघता येईल. लाल झाली. धुतल्यावर परत पिवळी झाली. म्हणजे हळदच. याच्या पुढे माझं शास्त्र जात नाही, आणि कुणाचं जात असेल तर मला खरंच कळवा.

मामींना मी साबण लावल्याचं कळलं असावं. त्या आता ते लुगडं स्वतः नेमानं धुतात, माझ्या हातात देत नाहीत. हळदीचा डाग साबणानं जात नाही, उन्हानं जातो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. बाकीचे सगळे कपडे मामी गच्चीवर वाळत घालतात. ते एक लुगडं घरात, सावलीला, माझ्या खोलीतल्या दोरीवर असतं.